कंसातला आकडा : एका पुस्तक-साइटच्या बहुस्तरीय फिल्टरचं प्रकरण

पुण्यातल्या एका जुन्या पुस्तकविक्रेत्याच्या साइटवर 'कादंबरी' या वर्गावर टिचकी मारली की जेमतेम पानभर पुस्तकं यायची. त्याच्याच पोटातल्या 'ऐतिहासिक कादंबरी'वर गेलं की पानंच्या पानं. दुकानात फोन यायचे, "तुमच्याकडे कादंबऱ्या एवढ्याच?" मालक काकांचं म्हणणं सरळ होतं : "अहो, मागची अख्खी भिंत कादंबऱ्यांची आहे. साइटला ती दिसत कशी नाही?"

कारण शोधायला फार खोदावं लागलं नाही. वर्गांचा तक्ता मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये होता आणि बहुतेकांचा असतो तसाच होता : प्रत्येक वर्गाला स्वतःचा आयडी आणि एक पेरेंट आयडी, म्हणजे वरच्या वर्गाचा आयडी. पुस्तक नोंदवताना कॅटलॉग सांभाळणाऱ्या ताई त्याला सगळ्यात नेमका वर्ग द्यायच्या, आणि ते बरोबरच होतं. पण शोधासाठी इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनचा जो इंडेक्स (शोधायची सूची) होता, त्यात पुस्तकासोबत तेवढ्या नेमक्या वर्गाचाच आयडी जात होता. 'ऐतिहासिक'चा आयडी ५७ आणि 'कादंबरी'चा १४, तर सर्च इंजिनच्या लेखी या दोघांचं काही नातंच नाही. झाड होतं डेटाबेसमध्ये आणि शोध चालला होता इंडेक्समध्ये. 'कादंबरी'खाली दिसायची ती फक्त कुणीतरी घाईत पोटवर्ग न देता थेट मूळ वर्गात टाकलेली पुस्तकं.

यावरचा झटपट उपाय सगळ्यांना सुचतो. मायएसक्यूएल ८.० पासून रिकर्सिव्ह क्वेरी, म्हणजे झाडात पातळीमागून पातळी उतरत जाणारी विचारणा, लिहिता येते. वर्गावर टिचकी पडली की त्याची पोरं-नातवंडं गोळा करायची आणि सगळे आयडी एकदम सर्च इंजिनला द्यायचे. यादी बरोबर येते. नुसती यादी हवी असती तर काम इथेच संपलं असतं. पण डावीकडच्या पट्टीत प्रत्येक वर्गापुढे कंसात आकडा हवा होता आणि खरं दुखणं त्या आकड्याचं होतं.

जुन्या साइटवर तो आकडा पोटवर्गांची बेरीज करून काढलेला होता. समजा 'ऐतिहासिक' २०, 'सामाजिक' २५, 'रहस्य' १० आणि यातली पाच पुस्तकं ऐतिहासिकही आहेत नि सामाजिकही. बेरीज म्हणते ५५, पुस्तकं आहेत ५०. यादी सुधारली तरी गिऱ्हाईक ५५ वाचून आत जातं, त्याला ५० मिळतात. फरक छोटा वाटतो, पण एकदा आकडा खोटा निघाला की पुढच्या कुठल्याच आकड्यावर कुणी विसंबत नाही. कंसातला आकडा हे दुकानदाराने दिलेलं वचन आहे असं धरूनच आम्ही पुढचे सगळे निर्णय घेतले : जो आकडा दिसेल, टिचकी मारल्यावर तेवढीच पुस्तकं आली पाहिजेत, एक कमी नाही की एक जास्त नाही.

म्हणून नातं शोधाच्या वेळी न काढता इंडेक्स भरतानाच पुस्तकासोबत लिहून ठेवायचं ठरलं. 'साहित्य'चा आयडी ३, त्याखाली 'कादंबरी' १४, त्याखाली 'ऐतिहासिक' ५७. तर ऐतिहासिक कादंबरीच्या डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे इंडेक्समधल्या तिच्या नोंदीत, एका फील्डमध्ये (रकान्यात) तीन मूल्यं जातात : ३, मग ३/१४, मग ३/१४/५७. पुस्तक 'सामाजिक'मध्येही असेल तर त्याचाही मार्ग तिथेच जोडायचा. ३/१४ दोनदा आलं तरी बिघडत नाही, कारण इलॅस्टिकसर्चचं टर्म्स ॲग्रिगेशन (प्रत्येक मूल्याखाली किती ते मोजणारी सोय) डॉक्युमेंट मोजतं, उल्लेख नाही. पाच पुस्तकांचा घोळ इथे आपोआप मिटला.

इलॅस्टिकसर्चमध्ये यासाठी पाथ हायरार्की नावाचा टोकनायझर (मजकुराचे तुकडे पाडणारा भाग) तयार मिळतो. तो ३/१४/५७ चे वरचेच तीन तुकडे करून देतो. आम्ही तो वापरला नाही. टोकनायझर चालतो टेक्स्ट प्रकारच्या फील्डवर आणि टेक्स्ट फील्डवर मोजणी करायची तर फील्डडेटा हा वेगळा पर्याय चालू करावा लागतो, जो मुळात बंद असतो आणि मेमरी खातो. त्यापेक्षा तुकडे आपल्याच कोडमध्ये पाडून कीवर्ड फील्डमध्ये, म्हणजे मूल्य न तोडता जसंच्या तसं ठेवणाऱ्या रकान्यात, भरणं स्वस्त. चार ओळींचं काम आहे.

मोजताना अख्खं झाड मागवायची गरज नसते. गिऱ्हाईक 'कादंबरी'वर उभं असेल तर त्याला कादंबरीचे थेट पोटवर्ग हवेत. ॲग्रिगेशनला इन्क्लूड या पर्यायात एक साधा पॅटर्न देता येतो : '३/१४/'च्या पुढे आणखी एकच तुकडा असलेली मूल्यं तेवढी दे. सोलर हे दुसरं सर्च इंजिन वापरणारे हेच काम मार्गाच्या सुरुवातीला पातळीचा आकडा लिहून आणि फॅसेट प्रीफिक्स देऊन करतात. पद्धत वेगळी, कल्पना तीच. इथे एक गंमत नेहमी होते. 'बालसाहित्य'खाली तेरा पोटवर्ग असतात आणि पट्टीत दहाच दिसतात, कारण टर्म्स ॲग्रिगेशन न सांगता दहाच बादल्या, म्हणजे दहाच वर्गांचे आकडे, परत देतं. कमी पुस्तकांचे वर्ग गळतात आणि नेमके तेच नवे असतात. साइझ वाढवून लिहिला की झालं, पण ते कुणाच्या लक्षात यावं लागतं. शिवाय इंडेक्स अनेक शार्डमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या तुकड्यांत, वाटलेला असेल तर हे आकडे अंदाजे ठरू शकतात. पुस्तकांच्या दुकानाला एक शार्ड पुरून उरतो, तेव्हा तो प्रश्न मुळातच येऊ दिला नाही.

एवढं झाल्यावर तांत्रिक बाजू बरीच उरकली होती. अडचण पुढे आली ती खुद्द झाडाची.

साइटवरचे वर्ग वर्षानुवर्षं दुकानातल्या माणसांनी गरजेप्रमाणे वाढवलेले. 'कादंबरी'खाली 'ऐतिहासिक', 'सामाजिक', 'रहस्य' तर होतेच, पण 'अनुवादित'ही होतं, 'किशोरांसाठी'ही होतं, दोन मोठ्या प्रकाशकांची नावं होती आणि 'सवलतीत'सुद्धा. 'चरित्र-आत्मचरित्र'खाली पुन्हा 'अनुवादित', पुन्हा 'सवलतीत'. 'कथासंग्रह'खाली पुन्हा तेच. दिवाळी अंकांची तर वेगळीच तऱ्हा : आधी नियतकालिकाचं नाव, त्याखाली साल. १९०९ पासून चालत आलेली परंपरा आणि जुन्या अंकांचाही साठा, म्हणजे या फांद्या दर दिवाळीला फुटतच राहणार. आणि एखाद्याला 'एका सालचे सगळे दिवाळी अंक' हवे असतील तर त्याने प्रत्येक नियतकालिकाच्या आत जाऊन ते साल शोधायचं.

हे झाड दिसत होतं पाच पातळ्यांचं, पण खरं झाड जेमतेम तीन पातळ्यांचं होतं. बाकीच्या पातळ्या म्हणजे पुस्तकाचे वेगवेगळे गुण, जे एकाखाली एक रचले होते. अनुवादित असणं हा कादंबरीचा पोटप्रकार नव्हे. चरित्रही अनुवादित असतं आणि विज्ञानाचं पुस्तकही.

ग्रंथालयशास्त्रात हा वाद फार जुना आहे आणि त्याचं उत्तर भारतातच सापडलेलं आहे. मेल्विल ड्यूईने १८७६ साली आपली दशमान पद्धत मांडली. तिच्यात ज्ञानाचं एकच झाड, प्रत्येक पुस्तकाला त्यात एक जागा. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तिथे सेल्फ्रिजेसच्या दुकानात त्यांनी मेकॅनो या खेळण्याचं प्रात्यक्षिक पाहिलं : तेच तुकडे, तेच नटबोल्ट, दर वेळी वेगळं खेळणं. विषयही असेच सुट्या तुकड्यांतून जोडता येतील, ही कल्पना त्यांना तिथे सुचली आणि १९३३ साली त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झालं. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश, काल अशी त्यांची पाच मूलभूत अंगं. आज ऑनलाइन दुकानात डावीकडे किंमत, ब्रँड, रंग असे वेगवेगळे गट दिसतात आणि प्रोग्रॅमर ज्याला फॅसेट म्हणतात, तो विचार या वाटेने आलेला आहे. कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमात हे कुणी शिकवत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

तर आम्ही कॅटलॉगच्या ताईंबरोबर बसून झाडाची छाटणी केली. कसोटी एकच ठेवली : 'हा पोटवर्ग दुसऱ्या एखाद्या मूळ वर्गाखाली जशाच्या तसा ठेवता येईल का?' येत असेल तर तो वर्ग नव्हे, वेगळा फॅसेट. 'अनुवादित' बाहेर आलं आणि 'मूळ भाषा' असा गट झाला. 'किशोरांसाठी' बाहेर येऊन 'वयोगट' झाला. प्रकाशक, प्रकाशनवर्ष, किंमत, बांधणी हे सगळे आपापल्या गटात गेले. दिवाळी अंक हा 'प्रकार' झाला, साल हे 'वर्ष' या फॅसेटमध्ये आणि नियतकालिकाचं नाव वेगळ्या फील्डमध्ये. ज्या फांद्या दर दिवाळीला फुटणार होत्या त्या फुटायच्या थांबल्या.

'सवलतीत'साठी मात्र काका अडून बसले. त्यांना ते ठळक हवं होतं आणि दुकानदार म्हणून त्यांचं चूक नव्हतं. ते पट्टीत सगळ्यात वर एक साधा चेकबॉक्स म्हणून ठेवलं. झाडात नाही, पण डोळ्यांसमोर आहे.

फॅसेट वेगळे केले की निवडीचे नियम ठरवावे लागतात. एकाच गटात दोन खुणा केल्या तर 'किंवा', वेगवेगळ्या गटांत केल्या तर 'आणि'. मूळ भाषा बंगाली किंवा कन्नड, आणि वयोगट किशोर. हे बोलायला सोपं आहे, आकडे काढताना इथेच घात होतो. 'बंगाली'वर खूण केली की सगळी क्वेरी बंगालीपुरती आवळली जाते आणि त्याच गटात कन्नड, हिंदी, गुजरातीपुढे शून्य येतं. गिऱ्हाइकाला वाटतं कन्नडमधून काहीच आलेलं नाही. खरं म्हणजे कन्नडपुढचा आकडा सांगायला हवा तो असा, की मी हीपण खूण केली तर आणखी काय हाती लागेल. त्यासाठी प्रत्येक गटाची मोजणी बाकी सगळ्या गटांचे फिल्टर लावून, पण स्वतःच्या गटाचा फिल्टर वगळून करायची. इलॅस्टिकसर्चमध्ये निकालांची यादी पोस्ट फिल्टरने, म्हणजे मोजणीनंतर लागणाऱ्या फिल्टरने, गाळायची आणि प्रत्येक ॲग्रिगेशनला आपापला वेगळा फिल्टर द्यायचा. सोलरमध्ये फिल्टरला टॅग लावून मोजणीच्या वेळी तो टॅग वगळता येतो. गट सहा असतील तर सहा वेगळे फिल्टर लिहावे लागतात, क्वेरी लांबलचक होते, पण ती माणसाने वाचायची नसतेच.

वर्गांच्या झाडात हा नियम जसाच्या तसा चालत नाही. 'कादंबरी'वर खूण आहे आणि गिऱ्हाइकाने तिच्याखालच्या 'ऐतिहासिक'वर खूण केली. 'किंवा' लावला तर काहीच बदलत नाही, कारण ऐतिहासिक कादंबऱ्या कादंबरीत आहेतच. माणसाला वाटतं बटण बिघडलंय. त्याला अर्थातच आणखी आत जायचं असतं. म्हणून असं ठरवलं : एकाच फांदीवरच्या खुणांपैकी सगळ्यात खोल असेल ती धरायची आणि वेगवेगळ्या फांद्यांवरच्या खुणांमध्ये 'किंवा'. 'ऐतिहासिक'ची खूण काढली की पुन्हा 'कादंबरी' लागू. पडद्यावर 'कादंबरी'च्या चौकटीत अशा वेळी पूर्ण खूण न दाखवता आडवी रेघ दाखवायची, म्हणजे आतलं काहीतरी निवडलंय हे कळतं.

आणखी एक बारीक पण त्रासदायक गोष्ट. शून्य आकड्याचे पर्याय लपवायचे, हा साधारण रिवाज आहे आणि तो चांगला आहे. पण गिऱ्हाइकाने 'कन्नड'वर खूण केली, मग वयोगट बदलला आणि कन्नडचा आकडा शून्यावर आला, तर कन्नडची ओळच गायब होते. खूण मात्र लागू असते. समोर 'एकही पुस्तक सापडलं नाही' आणि ती खूण काढायला जागाच नाही. म्हणून निवडलेला पर्याय आकडा शून्य असला तरी नेहमी दाखवायचा, आणि निकालांच्या वर निवडलेल्या फिल्टरच्या चिठ्ठ्या फुलीसकट ठेवायच्या. मोबाइलवर तर या चिठ्ठ्यांशिवाय चालतच नाही, कारण तिथे फिल्टरची पट्टी झाकलेली असते.

मूळ वर्गात थेट टाकलेल्या पुस्तकांचं काय, हा प्रश्न अजून उभाच होता. 'कादंबरी (५०)' उघडलं आणि खालच्या पोटवर्गांत मिळून ३८च पुस्तकं सापडली, तर उरलेली १२ कुठे गेली? आकडा खरा असून खोटा वाटतो. यावर 'इतर कादंबऱ्या' नावाची एक ओळ आम्ही पोटवर्गांच्या शेवटी जोडली. तिला डेटाबेसमध्ये अस्तित्व नाही. ज्या पुस्तकांच्या मार्गात ३/१४ आहे पण त्यापुढचं काहीही नाही, ती सगळी या ओळीत. दिवसेंदिवस ही ओळ ताईंनाच जास्त उपयोगी पडायला लागली. कुठली पुस्तकं अजून नीट लावायची राहिलीत, हे त्यांना तिथे उघडून बघता येतं.

वर्गाची नावं मार्गात न घालता आयडी का घातले, याचं उत्तर एका वर्गाने दिलं. नावावर मोजणी करणाऱ्या जुन्या पट्टीत 'बालवाङ्मय' दोनदा दिसायचं, वेगवेगळ्या आकड्यांसकट. अक्षरशः सारखं. कॉपी करून एकेक कोडपॉइंट (चिन्हामागचा युनिकोड क्रमांक) तपासला तेव्हा कळलं की एका नावात 'ङ्' आणि 'म' यांच्या मध्ये एक न दिसणारं चिन्ह होतं, अक्षरं जुळू नयेत म्हणून टाकतात ते. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करणं) केलं तरी हे चिन्ह जात नाही, ते वेगळं काढावं लागतं. मात्र सरसकट सगळी अदृश्य चिन्हं पुसून टाकणंही धोक्याचं. 'र'नंतर हलन्त आणि जोडणारं चिन्ह घालून कुणी 'दऱ्या' लिहिलं असेल आणि ते चिन्ह पुसलं तर त्याचा 'दर्या' होतो, डोंगरातून थेट समुद्रात. तिथे आधी 'ऱ' हे अक्षर घालायचं आणि मगच साफसफाई. आयडी वापरल्यामुळे फिल्टरला नावाशी देणंघेणं उरलं नाही. पुढे 'बालवाङ्मय'चं 'बालसाहित्य' करायचं ठरलं तेव्हा एका ओळीत बदल झाला, एकाही पुस्तकाला हात लावावा लागला नाही.

नाव बदलणं स्वस्त, जागा बदलणं महाग. 'प्रवासवर्णन' हा वर्ग 'ललित'खालून काढून स्वतंत्र केला की त्याखालच्या प्रत्येक पुस्तकाचा मार्ग बदलतो, म्हणजे ती सगळी पुस्तकं पुन्हा इंडेक्समध्ये भरायला हवीत. छोट्या फेरबदलांसाठी तेवढीच पुस्तकं रांगेत टाकून भरतो. मोठी उलथापालथ असेल तर नवा इंडेक्स शेजारी भरून घ्यायचा आणि साइट ज्या एलियसवरून (इंडेक्सच्या टोपणनावावरून) वाचते तो नव्याकडे वळवायचा. गिऱ्हाइकाला मधलं अर्धवट झाड दिसत नाही.

क्रमाचंही थोडं बघावं लागलं. ॲग्रिगेशन मोठ्या आकड्याचे वर्ग आधी देतं. दुकानात कपाटं त्या क्रमाने नसतात आणि दर फिल्टरगणिक ओळींची जागा बदलली की डोळा चुकतो. वर्गांचा क्रम म्हणून ताईंनी ठरवला तो कायम ठेवला. लेखक आणि प्रकाशकांची यादी अकारविल्हे हवी होती, तर तिथे युनिकोडचा कोडक्रम उपयोगाचा नाही : त्यात 'ळ' येतो 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये, आपल्याकडे तो 'ह'नंतर, आणि 'क्ष', 'ज्ञ' सगळ्यात शेवटी. आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन (क्रम लावायचे नियम) लावलं की हे सुटतं.

मग आला तो वाद, ज्यात तंत्राने काहीच मदत केली नाही. मराठी पुस्तकांच्या धंद्यात 'आवृत्ती संपली' ही नेहमीची स्थिती. अशी पुस्तकं यादीत ठेवायची, कारण लोक नावं नोंदवून ठेवतात आणि नवी आवृत्ती आली की घेतात. पण मग 'कादंबरी (५०)' मधली किती आज मिळतात? मला वाटत होतं आकडा फक्त मिळणाऱ्या पुस्तकांचा असावा. काकांना वाटत होतं दुकान भरलेलं दिसावं. शेवटी 'उपलब्ध' हा स्वतंत्र चेकबॉक्स झाला, मुळात बंद. यादीत मात्र संपलेल्या आवृत्त्या नेहमी शेवटी आणि त्यांच्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं. मला अजूनही तो चेकबॉक्स मुळात चालू हवा होता असं वाटतं.

तपासणीसाठी रात्री एक छोटा प्रोग्रॅम चालतो. तो झाडातल्या प्रत्येक वर्गावर जातो, कंसातला आकडा वाचतो, मग त्या वर्गाचा शोध चालवून एकूण निकाल किती आले ते बघतो. फरक असेल तर ताईंना मेल. पहिल्याच धावेत त्याने मुखपृष्ठ पकडलं : 'सर्व पुस्तकं'पुढचा आकडा वेगळाच आणि निकाल बरोबर १०,०००. इलॅस्टिकसर्च ७.० पासून एकूण निकालांची मोजणी न सांगता दहा हजारांवर थांबते. पुढे मोजायचं असेल तर ट्रॅक टोटल हिट्स हा पर्याय चालू करावा लागतो. तो केला आणि दोन्ही आकडे जुळले.

दोन वर्गांत असलेल्या पुस्तकाच्या पानावर वरचा मार्ग कुठला दाखवायचा, हे अजून ठरलेलं नाही. सध्या गिऱ्हाईक ज्या वर्गातून आलं तो दाखवतो, आणि कुणी थेट गूगलवरून त्या पानावर उतरलं तर ताईंनी नोंदवताना पहिला दिलेला. ताईंना तो वर्ग खुणेने निवडता यावा अशी सोय पुढच्या कामांच्या यादीत आहे.